बातमीतील सर्जनशीलता : एक प्रश्न अधिक

बातमी म्हणजे घडलेल्या घटनेची खरी व वेळेवर दिलेली माहिती असल्यामुळे तिच्यात सर्जनशीलतेला, म्हणजे नव्याने पाहण्याच्या आणि मांडण्याच्या शक्तीला, वाव नसतो, असा समज रूढ आहे. सर्वांत महत्त्वाचा तपशील आधी देऊन दुय्यम तपशील उतरत्या क्रमाने मांडण्याची जी पद्धत ‘उलटा पिरॅमिड’ म्हणून ओळखली जाते, तिने हा समज पक्का केला. कारण पानात जागा कमी पडली की उपसंपादकाला शेवटचे परिच्छेद निर्धास्तपणे कापता येतात, आणि बातमीतील माणूस बहुधा त्या शेवटच्या परिच्छेदांतच असतो.

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या गावातून येणारी बातमी सहसा याच साच्यातील, मोजक्या ओळींची असते : धान खरेदीतील दिरंगाई, रानडुकरांनी केलेली पिकाची नासाडी, वाघाचा वावर. याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉईल’ या कंपनीची मॅंगनीजची उघडी खाण असून तेथील विशिष्ट प्रतीचे खनिज बॅटरीच्या कोरड्या सेलसाठी वापरले जाते. उत्पादनाच्या आकड्यांची रुक्ष बातमी लिहिताना वार्ताहराने हा दुवा जोडला, तर मुंबईतील वाचकालाही ती खाण आपल्या घरातील विजेरीच्या आत दिसू लागते. येथे पदरचे काहीही घातलेले नसते. हे खनिज पुढे कोठे जाते, एवढा एक प्रश्न अधिक विचारलेला असतो.

मराठीत असे प्रश्न चिकाटीने विचारले ते अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी. बिहारमधील अनुभवांवरचे त्यांचे ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे हमाल, निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया यांच्यावर त्यांनी जे लिहिले, त्याने रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष जागी जाऊन, पाहून आणि ऐकून केलेले वार्तालेखन, मराठी वाचकांच्या अंगवळणी पाडले. त्यांची भाषा साधी, जवळजवळ बोलीतली, आणि विशेषणे अगदी कमी. सर्जनशीलता होती ती कोणता तपशील उचलायचा या निवडीत. निपाणीच्या तंबाखूला विडी होण्यासाठी ज्या पानाची गरज लागते, त्या तेंदूपत्त्याचा हंगाम भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात दर उन्हाळ्यात येतो. त्याच्या बातम्या मात्र बव्हंशी लिलाव, दर आणि वाघाचा हल्ला एवढ्यावर थांबतात.

मथळ्यातील यमके आणि चित्रपटांच्या नावांवरील कोट्या यांनाही हल्ली सर्जनशीलता म्हटले जाते. त्यांनी वाचक थबकतो हे खरे, पण मृत्यूच्या बातमीवर केलेली कोटी ही निव्वळ असभ्यता होय. न घडलेला संवाद रंगवणे त्याहून गंभीर, कारण तेथे बातमी उरतच नाही.

तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या गावच्या वार्ताहराकडून रोज असा एक प्रश्न अधिक विचारणारे लेखन अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. जिल्हा आवृत्त्यांच्या संपादकांनी निदान महिन्यातून एकदा त्याला अर्धे पान, पुरेसा वेळ आणि प्रवासखर्च द्यावा.