एका संगणकात अनेक ग्राफिक्स कार्डे : उष्णतेस वाट कशी द्यावी

सन २०१२ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर व जेफ्री हिंटन ह्या तिघांनी छायाचित्रांतील वस्तू ओळखणारी एक गणनपद्धती सिद्ध केली. इमेजनेट नावाच्या स्पर्धेत तिच्या चुका शेकडा १५ च्या आसपास होत्या, तर दुसऱ्या क्रमांकाच्या पद्धतीच्या २६ होत्या. हे काम कोणा प्रचंड यंत्रशाळेत झाले नाही. बाजारात मिळणारी, जीटीएक्स ५८० ह्या जातीची दोन ग्राफिक्स कार्डे त्यास पुरली. एका कार्डाची ३ गिगाबाइटांची स्मृती अपुरी पडली, म्हणून काम दोहोंत वाटून द्यावे लागले, आणि ते पाच-सहा दिवस चालले.

ह्या जातीच्या कार्डाची नेमून दिलेली कमाल शक्ती २४४ वॅट असते. दोन्ही कार्डे पूर्ण शक्तीने चालली असे धरल्यास साडेपाच दिवसांत सुमारे ६४ युनिट वीज खर्च होते. पाण्याचा पंप चालविला तर विजेचा काही भाग पाणी वर चढविण्यात कामी येतो. गणन करणाऱ्या यंत्रात तसे काही घडत नाही. आत गेलेली जवळजवळ सारी वीज अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. ती नाहीशी करता येत नाही, केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते. आणि जो कोणी एका पेटीत दोन, तीन किंवा चार कार्डे बसवू पाहतो त्याच्यापुढील सर्व अडचणी ह्या एका गोष्टीतून निघतात.

प्रथम एका कार्डाचा विचार करू. उष्णता जेथे उपजते ती सिलिकनची चिप रुपया-दोन रुपयांच्या नाण्याहून फारशी मोठी नसते. तिच्यावर तांब्याचा ठोकळा दाबून बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठे कितीही गुळगुळीत दिसली तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्यांत हवा अडकते. तांब्याच्या मानाने हवेची उष्णतावाहकता सुमारे पंधरा हजारांश आहे, म्हणून त्या पोकळ्या थर्मल पेस्ट नावाच्या लेपाने भरून काढतात. पुढे बहुधा उष्णतानलिका असतात. बंद नळीत थोडे द्रव असते. ते तापलेल्या टोकाशी वाफ होऊन थंड टोकाकडे जाते, तेथे पुन्हा द्रव होते व आतील सच्छिद्र अस्तरातून झिरपत माघारी येते. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी १९६३ मध्ये ही युक्ती प्रत्यक्षात उतरविली. अखेरीस उष्णता पातळ पत्र्यांच्या रांगांत पसरते आणि पंखा त्यांमधून हवा खेळवितो.

ही सर्व रचना पंख्यास मिळणारी हवा थंड आहे असे गृहीत धरून केलेली असते, आणि अनेक कार्डे शेजारी बसविताच ते गृहीतच कोसळते.

मदरबोर्डावरील दोन स्लॉटांमधील अंतर सुमारे २० मिलिमीटर असते. दोन स्लॉटांची जागा व्यापणारी कार्डे लगोलग बसविली, तर एका कार्डाचा पंखा व दुसऱ्याची पाठ ह्यांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांची फट उरते. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डे आडवी असून त्यांचे पंखे खाली तोंड करून असतात. सर्वांत खालच्या कार्डास मोकळी हवा मिळते. वरच्यांना मात्र त्या अरुंद फटीतून, शेजाऱ्याच्या तापलेल्या पाठीवरून आलेली हवा ओढावी लागते. म्हणून चार सारख्या कार्डांत बहुधा मधली व वरची अधिक तापतात.

येथे पंख्यांच्या दोन जातींमधील भेद ध्यानात घ्यावा. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक कार्डांवर दोन-तीन उघडे पंखे असतात. ते पत्र्यांवर हवा सोडतात व तापलेली हवा कॅबिनेटमध्येच चहूकडे पांगते. एकटे कार्ड असेल तेव्हा ही योजना उत्तम व आवाजासही सौम्य. परंतु अशी चार कार्डे एकत्र आली की एकाचा निःश्वास तोच दुसऱ्याचा श्वास होतो. दुसरी जात ब्लोअरची. लोहाराच्या भात्याजवळ फिरविण्याचा हातपंखा असतो त्याच तत्त्वाचा हा केंद्रोत्सारी पंखा एका टोकाशी हवा आत घेतो, बंदिस्त कार्डाच्या लांबीतून ढकलतो व मागील जाळीतून थेट कॅबिनेटच्या बाहेर फेकतो. तो कर्कश वाजतो, आणि एकट्या कार्डावर उघड्या पंख्यांहून कमी पडतो. तरीही लगोलग बसवायच्या कार्डांसाठी तोच योग्य, कारण प्रत्येक कार्डाचे धुराडे वेगळे राहते. दुकानातील तक्त्यात ज्याचे तापमान कमी ते कार्ड घ्यावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो तक्ता एकट्या कार्डाचा असतो; चार कार्डांच्या खरेदीस त्याचा आधार घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

तापमान मर्यादेपर्यंत पोहोचले (बहुतेक कार्डांत ही मर्यादा ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते) की कार्ड जळत नाही; ते आपली गती आपणच कमी करते. इंग्रजीत ह्या क्रियेस जो शब्द रूढ आहे त्याचा मूळ अर्थ गळा आवळणे असा आहे. मराठीत 'आवर घालणे' पुरेसे वाटते. परंतु फटीत घुसमटलेल्या कार्डाकडे पाहता मूळ शब्दही अगदीच चुकीचा नाही. ह्यातील हानी सहज दिसत नाही. चार कार्डे मिळून एकच काम करीत असतील, तर प्रत्येक टप्प्याअखेर त्यांना परस्परांचे उत्तर जुळवावे लागते व तोवर तिघांना चौथ्याची वाट पाहावी लागते. मधले एक कार्ड गुदमरले की सर्वांची गती त्याच्याइतकी होते. एखाद्या महाविद्यालयाने वर्षाचे अनुदान घालून चार कार्डे घ्यावीत आणि त्यांतून तीन कार्डांचेच काम निघावे, असे यामुळे घडू शकते.

आता कॅबिनेटकडे वळू. २५० वॅटांची चार कार्डे म्हणजे १,००० वॅट. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम, आणि एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १,००० ज्यूल लागतात. बाहेर पडणारी हवा आत येणारीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर दर मिनिटास सुमारे पाच घनमीटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. १२० मिलिमीटरांचा साधा पंखा खुल्या हवेत मिनिटास दीड ते दोन घनमीटर हवा ढकलतो. जाळी, गाळणी व तारांचे गुंतवळे आड आले की त्याहून बरीच कमी. तेव्हा तीन पंखे कागदावर पुरले तरी प्रत्यक्षात पाच-सहा लागतात, आणि त्यांची दिशा एक असावी लागते : पुढून आत, मागून बाहेर. गरम हवा वर जाते हे खरे. परंतु पंखे चालू असताना तो ओढा इतका क्षीण ठरतो की त्याच्या भरवशावर रचना करू नये. पंखा अधिक वेगाने फिरविणे हा उपायही लवकर संपतो. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण पंख्यास शक्ती आठपट लागते, आणि आवाज असह्य होतो.

पाण्याचा उपयोग करावा काय? १,००० वॅट उष्णता १० अंशांच्या फरकाने वाहून नेण्यास पाच हजार लिटर हवेऐवजी मिनिटास दीड लिटराहून कमी पाणी पुरते. त्यामुळे कार्डे चिकटून बसली तरी बिघडत नाही. मात्र पाण्याने ती उष्णता शेवटी मोटारीतल्यासारख्या रेडिएटरपाशी आणून सोडलेली असते, आणि तेथून ती नेण्यास तितकीच हवा लागते. अडचणीची जागा बदलते, इतकेच.

सर्वांत स्वस्त उपाय बहुधा सर्वांत उशिरा आठवतो, तो म्हणजे उष्णता कमी उत्पन्न करणे. चिपमधील शक्तिव्ययाचा मोठा भाग विद्युद्दाबाच्या वर्गाच्या व गतीच्या प्रमाणात असतो. दोन्ही शेकडा १० ने उतरविली, तर गती शेकडा १० ने घटते, पण हा शक्तिव्यय शेकडा २७ ने कमी होतो. कार्डाबरोबर मिळणाऱ्या प्रणालीत शक्तीची कमाल मर्यादा ठरविता येते. चार कार्डांच्या यंत्रात ती थोडी खाली आणल्यास पुष्कळदा एकूण काम वाढते, कारण कोणत्याच कार्डास मध्येच आवर घालावा लागत नाही. नव्या कार्डांच्या बाबतीत तर हे टाळताच येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची नेमलेली शक्ती ५७५ वॅट आहे. अशी चार कार्डे म्हणजे २,३०० वॅट, आणि घरातील ६ अँपियरच्या सॉकेटमधून तितकी वीज घेणे धोक्याचे आहे.

कॅबिनेटबाहेर खोली असते, हेही विसरून चालत नाही. तीन मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या बंद खोलीतील भिंती उष्णता शोषीत नसत्या, तर १,००० वॅटांच्या यंत्राने तेथील हवा दर अर्ध्या मिनिटास एक अंशाने तापली असती. खोलीचे तापमान जितके चढते जवळजवळ तितकेच कार्डाचेही चढते. जानेवारीत सुरळीत चालणारे यंत्र मे महिन्यात, ४० अंशांच्या दुपारी, रेंगाळू लागते ते ह्यामुळेच. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढते, त्याचा तिसऱ्या हिश्शाला जवळ येणारा भाग अशा एका संगणकासाठीच खर्ची पडतो.

दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याची एक साधी रीत आहे. सर्व कार्डे अर्धा तास पूर्ण कामास लावावीत आणि प्रत्येकाचे तापमान व गती टिपून घ्यावी. मग कॅबिनेटची बाजूची झडप काढून पुन्हा अर्धा तास तसेच चालवावे. तापमाने लक्षणीय उतरली, तर पेटीतील वारा अपुरा आहे. पंखे वाढवावेत किंवा गाळणीवरील धूळ झाडावी. मधलेच कार्ड तापलेले राहिले, तर दोष फटीचा आहे. मदरबोर्डावर जागा असल्यास एक स्लॉट सोडून कार्ड बसवावे, नसल्यास एक कार्ड दुसऱ्या संगणकात हलवावे. आणि मोकळी हवा मिळूनही एकच कार्ड इतरांहून दहा-पंधरा अंशांनी वर असेल, तर त्याच्या पत्र्यांत साचलेली धूळ किंवा वाळून गेलेला लेप तपासावा.