अहवालातला रिकामा रकाना

कर्जत-खालापूरला यंत्रयुग नवे नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. पुढे खोपोलीच्या आसपास कारखाने उभे राहिले. अशाच एका कारखान्यात माझे वडील ठेकेदाराच्या हाताखाली राबले. त्यांचे नाव मुकादमाच्या वहीत होते. कंपनीच्या दप्तरात ते कधीच चढले नाही. वर्गात कंपनी कायदा शिकवताना मला ती वही आठवते.

शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचे नुसत्या ताळेबंदावर भागत नाही. आकड्यांमागची हकीकतही तिला शब्दांत सांगावी लागते. २०१२ साली सेबीने मोठ्या १०० कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. २०२१ साली त्याचा नमुना विस्तारला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो बंधनकारक झाला. कायम कामगार किती, कायम नसलेले किती, स्त्रिया किती, अपंग किती, केवळ किमान वेतनावर किती, अपघातात मेले किती, परिसरातल्या लोकांच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था कोणती, हे सारे त्यात द्यावे लागते. हा अहवाल कोणालाही वाचता येतो.

हे पाऊल पुढचेच आहे. वडिलांसारखा माणूस निदान संख्या म्हणून तरी दप्तरात आला. पण या नमुन्यात जातीचा रकानाच नाही. कायम नोकरीत दलित किती, कातकरी-ठाकूर किती, ठेक्यावरच्या सफाईच्या कामात कोण, याविषयी अहवाल मुका आहे. दुर्बल घटकांकडून माल घेण्यास प्राधान्य देता काय, असा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर ऐच्छिक!

जात विचारली की जातीयता वाढते, असे काही सज्जन म्हणतील. मग जनगणना दर खेपेला अनुसूचित जाती-जमाती कशासाठी मोजते? दक्षिण आफ्रिकेत १९९८ च्या रोजगार-समता कायद्याने मोठ्या मालकांना कामगारांची वंशनिहाय माहिती सरकारला द्यावी लागते. तिथे जे मोजता येते, ते इथे का मोजता येऊ नये?

अर्थात नुसत्या कागदाने काही होत नाही, हा धडा आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली झाला. महाडचे तळे १९२४ साली कागदावर खुले झाले. पाणी मात्र ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांबरोबर माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. पण त्या कागदामुळेच ते चालणे हक्काचे ठरले, हेही विसरता येणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या भागातला कोणता कारखाना अशा कंपनीचा आहे ते शोधून तिचा अहवाल वाचावा आणि त्यातला मजकूर गेटवरच्या कामगारांशी ताडून पाहावा. त्याचबरोबर जातीच्या रकान्याची मागणी सेबीपुढे संघटितपणे मांडावी. मुकादमाची वही आम्हांला पाहता येत नव्हती. हा अहवाल उघडा आहे. तो न वाचणे आता आपल्याला परवडणारे नाही.