रायवळाचे साठ आणि फळातली अळी

कोकणात कलम न करता कोयीपासून वाढलेल्या आंब्याला रायवळ म्हणतात. बांधावर, पाणंदीच्या कडेला किंवा रानात उभ्या असलेल्या या झाडांवर कोणी फवारणी करत नाही, आणि वाऱ्याने पडलेला आंबा वेचून नेण्याला सहसा कोणाची हरकतही नसते. त्याचा रस ताटात पातळ पसरून उन्हात थरावर थर वाळवला, की साठ, म्हणजे आंबापोळी, तयार होते. मात्र जेथे फवारणी नाही तेथे फळमाशीलाही मोकळे रान मिळते. म्हणून वेचलेल्या आंब्याच्या साठात रस काढण्यापेक्षा फळ निवडण्याचे काम मोठे असते, आणि साठ चांगले उतरेल की आंबेल हे बहुतांशी त्या निवडीवरच ठरते.

फळमाशी (शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) आकाराने साधारण घरमाशीएवढी असते. मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार नळी असते. ती तयार होत आलेल्या फळाच्या सालीत खुपसून मादी आत सुमारे १ मिलिमीटर लांबीची पांढरी अंडी घालते. उन्हाळ्याच्या उबेत ती एकदोन दिवसांत फुटतात, अळ्या आठवडाभर गर खातात आणि पूर्ण वाढल्यावर फळाबाहेर पडून मातीत कोष करतात. डंख बसलेले फळ अनेकदा वेळेआधीच गळते, त्यामुळे झाडाखालच्या सड्यात अळीचे फळ असण्याची शक्यता फांदीवरून उतरवलेल्या फळांपेक्षा जास्त असते. शक्यतो आंबे झेल्याने उतरवावेत, आणि वेचायचेच झाले तर सकाळी, त्या रात्री पडलेलेच वेचावेत.

डंखाची जागा टाचणीच्या टोकाएवढी असते. सुरुवातीला तेथे रसाचा सुकलेला थेंब दिसतो, पुढे भोवतीची साल तपकिरी पडते, आणि अंगठ्याने हलके दाबले असता गराचा नेहमीचा ताठपणा न जाणवता बोट आत जाते व छिद्रातून फेसाळ पाणी येते. असा आंबा चिरला, की सालीलगतचा गर पाणचट व काळपट झालेला आढळतो आणि त्यात मळकट पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. पूर्ण वाढलेली अळी सुमारे १ सेंटिमीटर लांब असते. ती डोके शेपटीला टेकवून अंगाची कमान करते आणि ताण सुटताच उडी घेते, त्यामुळे ताटातली अळी क्षणात ओट्यावर गेलेली दिसते. लहान अळी मात्र पिवळ्या रसात मिसळली, की नजरेला सापडत नाही. आंबे माचून देठाकडून थेट मोठ्या पातेल्यात पिळण्याची सवय म्हणूनच घातक आहे: एक खराब आंबा सगळा रस नासवतो. प्रत्येक आंबा आधी चिरून पाहावा, वाटीत पिळावा आणि खात्री पटल्यावरच वाटी पातेल्यात रिकामी करावी. यात वेळ जातो, पण या कामाला दुसरा मार्ग नाही.

नुसता डंख असून आतला गर घट्ट असेल, तर तेवढा भाग सढळ हाताने कापून उरलेला आंबा वापरण्यास हरकत नाही. अळी दिसल्यास मात्र सबंध फळ बाजूला काढणेच योग्य, कारण त्याच छिद्रातून कुजवणारे जीवाणू आणि किण्वक, म्हणजे साखर आंबवणारे सूक्ष्म जीव, आत शिरलेले असतात. रस आटवला की अळ्या मरतात, याबद्दल शंका नाही. २०१४ साली युरोपीय संघाने प्रामुख्याने फळमाशीमुळेच भारतीय आंब्याची आयात थांबवली होती, आणि निर्यातीचा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया याच किडीसाठी वापरली जाते. पण उष्णतेने अळी मरते, रसातून नाहीशी होत नाही, आणि आंबलेली चवही परत येत नाही. म्हणून रस आधी चाळणीतून काढून धागे वेगळे करावेत, मग मलमलीच्या फडक्यातून गाळावा. जाड चाळणीतून अंडी सहज निसटतात.

कोयीत राहणाऱ्या सोंड्या भुंग्याची गोष्ट निराळी आहे. त्याची अळी कोयीतच वाढते आणि गर बहुधा शाबूत राहतो, तेव्हा कोय पोखरलेली दिसली म्हणून आंबा टाकण्याचे कारण नसते. करवंदे आणि जांभळे मिठाच्या पाण्यात टाकली असता मुंग्या व बारीक किडे वर येतात. गरात खोलवर बसलेल्या अळीवर मात्र या उपायाची भिस्त ठेवू नये. उंबराला तर कोणतीच निवड पुरत नाही, कारण त्याचे परागीभवनच फळात शिरणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीकडून होते. जैन आचारात पाच उदुंबर फळे वर्ज्य मानली आहेत, ती अशा फळांतल्या जीवांमुळेच.

टाकाऊ आंबे परसात किंवा शेणखताच्या ढिगावर फेकले जातात, आणि तेथेच मातीच्या वरच्या थरात कोष होऊन दहाएक दिवसांत नव्या माश्या उडतात. गंधाचे सापळे उपयोगी असले, तरी त्यांतील मिथाइल युजेनॉल फक्त नरांना ओढते, अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. साठ घालणाऱ्या प्रत्येक घराने काढून टाकलेली फळे त्याच दिवशी किमान दोन फूट खोल पुरावीत आणि वर माती दाबून घ्यावी.