आजाऱ्याला आजार कळणे



कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने भुकेविषयी बोलावे, यात नवल नाही. परंतु आजची उपासमार निराळी आहे. घरात अन्न आहे, प्रेमाने वाढणारे हात आहेत, तरीही एखादी मुलगी, क्वचित मुलगाही, दिवसेंदिवस झिजत जातो आणि वर 'मला काही झालेले नाही' असे निक्षून सांगतो. हे सांगणे लबाडीचे, हट्टाचे, की आजाराचाच एक भाग? उपचाराची दिशा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल यांनी १८७३ साली या आजाराची माहिती तेथील वैद्यक सभेपुढे मांडली आणि पुढे त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. शब्दाचा अर्थ भूक नसणे. नाव थोडे फसवे आहे. भूक मेलेली नसते, ती भयाने दाबलेली असते. शरीर अस्थिपंजर होऊनही मुलगी सारखी हिंडतेफिरते, याचे गल यांना आश्चर्य वाटले. त्याच वर्षी पॅरिसच्या लासेग यांनी नोंदवले की, रुग्णाला आपल्या स्थितीची खंत नाही आणि बरे होण्याची आसही नाही.

असे का व्हावे? याचा काही उलगडा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार देणारे ३६ निरोगी तरुण तेथे स्वेच्छेने प्रयोगास तयार झाले. १९४५ साली अन्सेल कीज यांनी त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पण मनाचे काय झाले पाहा. ते चिडखोर व एकलकोंडे झाले, घासाचे बारीक तुकडे करून तासन् तास जेवू लागले, पाककृती जमवू लागले. काहींना तर आपण कृश झालो असे वाटेना. उलट भोवतालचे लोकच फार लठ्ठ दिसू लागले! म्हणजे उपासमार केवळ शरीर खात नाही, पारख करणारी बुद्धीही खाते. ॲनोरेक्सियात यावर लठ्ठपणाच्या भयाची भर पडते.

मागावर वर्षानुवर्षे काम केलेला विणकर कानाने मंद होतो. पण 'मला ऐकू येत नाही' असे तो प्रथम म्हणत नाही, 'तुम्ही पुटपुटता' असे म्हणतो. त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. मग या मुलीला का म्हणावे?

म्हणून वादाने हा आजार हटत नाही. आधी अन्न, समज मागाहून. तेही वैद्याच्या देखरेखीने. कारण फार दिवसांच्या उपाशी देहाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होतो. नियमित वेळांनी खाऊ घालावे, हे गल यांनीही सांगितले होते. मात्र अशा रुग्णाच्या शुश्रूषेस नातेवाईक सर्वांत अयोग्य, असे त्यांचे मत होते. शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉडस्ले रुग्णालयाने आईबापांनाच उपचारात सामील केले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, लहान वयात आजार जडलेल्या आणि तो तीन वर्षांहून जुना नसलेल्या मुलांना याचा अधिक गुण आला.

जाणीव हप्त्याहप्त्याने परतते. 'मी आजारी आहे' हे कबूल नसले, तरी 'थंडी वाजते', 'झोप नाही', 'पाळी थांबली' एवढे मुलगी मान्य करते. तेथूनच बोलणे सुरू करावे. वजन आधी भरते, भय मागाहून ओसरते. म्हणून वजन भरताच उपचार सोडणे घातक. बरे होणे म्हणजे पुन्हा ताटाचे भय वाटू लागताच ते स्वतः ओळखून वेळीच सांगता येणे.

जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली वर्णिलेल्या 'ब्युलिमिया'त, म्हणजे अनावर खाऊन ते उलटून टाकण्याच्या विकारात, बहुधा उलटे असते. रोग्याला रोग कळलेला असतो, पण लाज तोंड उघडू देत नाही. तेथे समज देण्यापेक्षा आधार द्यावा लागतो.

आपल्याकडे उपासाला मान आहे, त्यामुळे हा आजार त्याच्या आड सहज लपतो. ओळखावे कसे? उपास करणारा पारण्याची वाट पाहतो. उपोषणाला बसलेला कामगार आपली भूक चारचौघांत मांडतो आणि मागणी मान्य होताच लिंबाचे सरबत घेतो. या रुग्णाला पारण्याचेच भय असते, भूक तो लपवतो, आणि कितीही वजन उतरले तरी त्याची मागणी पुरी होत नाही.

अशी खूण घरात दिसली तर 'बारीक झालीस, छान दिसतेस' ही स्तुती थांबवा, ताटावरची भांडणेही थांबवा, आणि डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. मनाच्या आजारांत हा अत्यंत प्राणघातक आजारांपैकी एक आहे. आजाऱ्याला कळेपर्यंत थांबण्याइतका अवकाश तो देतोच असे नाही. तोवर त्याच्या वतीने आपल्याला कळले पाहिजे.