शाळा आणि लोकराज्य

आज लोकशिक्षण आणि लोकशाही या विषयावर चार गोष्टी बोलायच्या आहेत. विषयाचे नाव भारदस्त आहे खरे, पण मला तो समजला एका वहीवरच्या सहीमुळे. तेव्हा आधी तीच हकिकत सांगतो.

पवना नदीच्या काठी, कासारवाडी आणि दापोडीच्या शेजारी, पिंपळे गुरव आहे. त्याला गाव म्हणायचे ते आता सवयीने. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. आसपास कारखाने वाढले तशी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे पोटासाठी आली आणि इथेच राहिली. या भागातल्या एका शाळेत मी शिक्षक होतो. एके दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. सभा कसली! चहा झाला, ठरावांची वही फिरली आणि सह्या झाल्या. एका मुलीची आई वही हातात घेऊन मला म्हणाली, "गुरुजी, सही कुठं करू?" मी जागा दाखवली. तिने सावकाश, नीट अक्षरात सही केली. दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "अन् गुरुजी, सही कशावर केली म्हणायची मी?"

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. बाईंना लिहिता येत होते. पण आपण कशाला संमती दिली, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. साक्षर होणे आणि जाणता नागरिक होणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते त्या दिवशी मला दिसले.

हे अंतर तोडावे म्हणून आपल्याकडच्या थोर माणसांनी आयुष्य वेचले आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन केले. सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हे त्यांनी दाखवून दिले. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. नीट पाहिले तर ही मागणी नुसती पाटी-पुस्तकाची नव्हती. पैसा कोणाचा आणि तो खर्च कोणावर होतो, हा प्रश्न तिच्या पोटात होता. हा तर राज्यकारभाराचाच प्रश्न!

पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्याला सरकारचा विरोध झाला, तसा जमीनदारांचाही झाला. पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायला कोण, अशी त्यांची तक्रार! 1912 च्या मार्चमध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते विधेयक पडले. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपयाला किंमत होती बरं का!

स्वराज्य आले तेव्हा एक मोठा पेच उभा राहिला. 1951 च्या शिरगणतीत देशातली शंभरातली अवघी अठरा माणसे साक्षर निघाली. मग आधी सगळ्यांना शिकवावे आणि नंतर मत द्यावे, की मत आधी द्यावे? लोक अडाणी आहेत, त्यांना मताचे मोल काय कळणार, असे म्हणणारे पुष्कळ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फार पूर्वी, 1928 साली, सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. मत देणे हेसुद्धा एक शिक्षणच आहे, अशी त्यांची भूमिका होती. पोहायला शिकल्यावर पाण्यात उतर, असे आपण मुलाला सांगत नाही. तसेच हे आहे.

घटनेने मत आधी दिले. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दर उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी सोय केली होती. अक्षर न येणाऱ्या माणसानेही चिन्ह पाहून मत टाकले. निवडणूक पार पडली. पण एक काम मागे राहिले. माणूस मतदार झाला, आता त्याने जाणता मतदार कसे व्हावे?

याचे एक उत्तर आपल्याच भागात, रेडिओच्या साहाय्याने शोधले गेले. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली 150 गावे निवडली. गावोगावी ऐकणाऱ्यांचे एकेक मंडळ केले, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस नेमला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम झाले.

आता यात नवे काय होते? रेडिओ तर इतर गावांतही होता. नवे होते ते रेडिओ बंद केल्यानंतरचे. कार्यक्रम संपला की मंडळी उठून घरी जात नसत. तिथेच बसून जे ऐकले त्यावर बोलत. हे आपल्या गावाला लागू पडते का? पडत असेल तर करायचे काय? अडते कुठे? चिटणीस ते लिहून घेई आणि शंका पुणे केंद्राकडे धाडी. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांची उत्तरे मिळत. म्हणजे बोलणे एकतर्फी नव्हते. आधी ऐकायचे, मग बोलायचे, मग करायचे, असा तो क्रम होता. ही रीत मूळ कॅनडातली. तिथल्या शेतकऱ्यांसाठी ती 1941 पासून चालू होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशी गावे, यांची तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती थोडीच वाढली होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही या मंडळांत बसत, बोलत आणि शिकत. काही गावांनी विहिरी घेतल्या, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे बालवाडी सुरू केली. पुढे 1959 साली ही योजना देशभर नेण्यात आली.

श्रोतेहो, या प्रयोगातून मी एकच गोष्ट उचलतो. माहिती कानावर पडली म्हणजे ज्ञान झाले असे नाही. चार माणसांत बसून तिला प्रश्न विचारावे लागतात, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारा कोणीतरी लागतो. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सकाळपासून त्यावर संदेशांचा पाऊस पडतो. कोण पाठवतो ठाऊक नाही, खरे-खोटे ठाऊक नाही, आणि उलट विचारायचीही सोय नाही. हा मंडळ नसलेला रेडिओ झाला!

मग आजचे मंडळ कुठे भरवायचे? खेड्यात ग्रामसभा आहे. कायद्याने ती वर्षातून निदान चार वेळा भरलीच पाहिजे, आणि तिथे जमाखर्च विचारण्याचा मतदाराला हक्क आहे. शहरात मात्र पंचाईत होते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. त्यानंतर निवडणूक लांबली आणि काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात वॉर्डातल्या माणसाने आपल्या नगरसेवकाला विचारायचे म्हटले, तर नगरसेवकच नव्हता. त्यातून बाहेरगावाहून आलेल्यांची आणखी अडचण. त्या सहीवाल्या बाई मला म्हणाल्या होत्या, "आमचं मत तिकडं गावाला. इथलं आम्हाला कोण विचारतंय?" राहणे इथे, पाणी इथले, मुलांची शाळा इथली आणि नाव मात्र दुसरीकडच्या यादीत. राहते ठिकाण बदलले की नमुना 8 चा अर्ज भरून नाव इकडे आणता येते. तो जरूर भरावा.

पण नाव यादीत येईपर्यंतही एक जागा त्या बाईंच्या हक्काची आहे, आणि ती जागा म्हणजे शाळा. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शंभरातले पंचाहत्तर सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकासाचा आराखडा करणे, आलेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे ही तिची कामे आहेत. तुमचे मत कोणत्या गावी आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. तुमचे मूल त्या शाळेत आहे, एवढे पुरे. जोतीरावांनी विचारलेला पैशाचा प्रश्न आज कोणत्याही आईला या समितीत विचारता येतो. लोकराज्याची याहून जवळची पाठशाळा मला तरी ठाऊक नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, याची किल्ली आपल्या हाती आहे. वही फिरवण्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवा. अनुदान किती आले, कशावर गेले, ते फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहा. कोणी शंका काढली तर ती वहीत टिपा आणि पुढच्या सभेची सुरुवात तिच्या उत्तराने करा. उत्तर आपल्याजवळ नसेल तर तसे सांगा, पण शोधून आणा. यात आपला वेळ जाईल, कधी अवघड प्रश्नही येतील. येऊ द्यावेत. आणि पालकांनो, सही करण्याआधी, "वाचून दाखवा" एवढे म्हणायला संकोचू नका. तो अडाणीपणा नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे.

पुढच्या सभेत मी ठराव वाचला. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा होता. त्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "टाकी तर मागच्या साली दुरुस्त केली ना? मग परत कशापायी?" सभेत क्षणभर कोणी बोलेना. मग दुसरा पालक बोलला, तिसरा बोलला. त्या दिवशी वही फिरायला तासभर उशीर झाला. पण त्या पानावरची प्रत्येक सही कशावर केली, हे करणाऱ्याला ठाऊक होते.