आपत्तीची वर्दी

'आपत्तिनिवारण' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळतो. तो वाचला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र उभे राहते : पाण्याने वेढलेली घरे, नारिंगी पोशाखातील जवान, रबरी होड्या आणि वर घिरट्या घालणारे विमान. हे चित्र खोटे नव्हे. परंतु कवठे महांकाळ तालुक्यावर जी आपत्ती पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहे, तिला या चित्रात कोठेच जागा नाही. म्हणून आपत्तिनिवारण म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आपल्या एकाच जिल्ह्यात दोन परस्परविरुद्ध आपत्ती नांदतात. पश्चिमेकडे कृष्णा व वारणा यांचा महापूर, आणि पूर्वेकडे पर्जन्यछायेतील अवर्षण. सन 2019 च्या ऑगस्ट महिन्यात सांगली शहर पाण्याखाली होते, आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पूर्वभागातील गावांना टँकरने पाणी पोहोचविले जात होते. हा विरोध मोठा विलक्षण खरा. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच एक भेद. पूर स्वतःच्या आगमनाची वर्दी देतो; दुष्काळ ती देत नाही.

सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली खुला झाला. त्याच्यापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे सांगलीतील लहान मुलासही पाठ असते. सन 2019 मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. म्हणजे संकट अचानक कोसळले असे म्हणता येत नाही. ते फूट-फूट मोजत आले. तरीही 8 ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खचाखच भरलेली होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. कोणत्या गावास किती होड्या लागतील, त्या कोण चालवील, पोहण्याच्या जाकिटांची संख्या किती असावी, ही गणिते वैशाखात सोडवावयाची असतात. श्रावणात त्यांची उत्तरे शोधू गेल्यास फार उशीर झालेला असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी पुण्याजवळ असते. तेथून निघून ती पोहोचेपर्यंत जे तास जातात, त्या तासांत शेजारीच रक्षक असतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हाही ढिगाऱ्यांतून पहिली माणसे काढली ती गावकऱ्यांच्याच हातांनी.

आता दुष्काळाकडे वळू. तो कोणत्या दिवशी आला, हे कोणी सांगू शकेल काय? मृग कोरडा गेला तर आर्द्रा आहेत. आर्द्रा गेल्या तर पुष्य आहे. शेतकरी आशेवर दुबार पेरणी करतो. मग वाणी उधारी आखडती घेतो. मग बायकांची पाण्याची खेप लांबते, आणि घागरीबरोबर थोरल्या मुलीची शाळा सुटते. पुढे बाजारात बैल दिसू लागतात, तेही निम्म्या किमतीस. शेवटी दाराला कडी लावून कुटुंब उसाच्या तोडीवर निघते. यांतला कोणता दिवस आपत्तीचा मानावा? सर्वांचे एकमत होईपर्यंत बैल विकून झालेला असतो, आणि बैल गेलेल्या घरास पुढच्या वर्षीचा चांगला पाऊसही फारसा उपयोगी पडत नाही. (आटपाडी-खानापुराकडची व आपल्याकडची जी माणसे आज हिंदुस्थानभर सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करतात, त्यांच्यापैकी कित्येकांचे वाडवडील अशाच वर्षांत घराबाहेर पडले. त्यांनी नाव काढले हे खरे. पण सुखाने कोणी गाव सोडले नव्हते.)

हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन विचारला गेला. सन 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनेत लक्षावधी माणसे मेली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्ट करणारा मनुष्य जगणार नाही, असे निक्षून सांगितले. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1880 साली आला, व त्यावरून 1883 साली दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला. या संहितेत आम्हांस विशेष वाटते ती गोष्ट अशी की, दुष्काळाला वर्दी देता येत नाही म्हणून ती वर्दी माणसांनी देण्याची व्यवस्था तिने केली. धान्याचे भाव चढणे, उसने मिळेनासे होणे, लोक निरुद्देश भटकू लागणे, चोऱ्या वाढणे, ही चिन्हे अधिकाऱ्यांनी टिपावीत. कोठे कामे काढावीत हे सुकाळातच ठरवून ठेवावे. ज्यांच्याने काम होत नाही त्यांस कामावाचून अन्न द्यावे, असे ते नियम होते. परकीय सरकारने ते नेहमीच नीट पाळले असे मात्र नव्हे. 1896-97 मध्ये पुन्हा हाहाकार उडाला. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या. केडगावची जमीन रमाबाईंनी आधीच घेतलेली होती, म्हणून त्या मुलींस ठेवावयास जागा मिळाली.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्याने फारोस स्वप्नाचा अर्थ सांगितला एवढेच आपण ध्यानात ठेवतो; परंतु सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घालावा हा त्याचा सल्लाच मिसर देशाच्या उपयोगी पडला.

योसेफाच्या मार्गाने गेलेले एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी, मागेल त्यास काम ही कल्पना आधी आपल्या लगतच्या तासगाव तालुक्यात अजमावून पाहिली. मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. तळी, बांध, रस्ते झाले. मुलांना सुकडी मिळाली. वडीलधाऱ्यांस विचारल्यास लाल मिलोच्या भाकरीची चवही ते सांगतील. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि 2005 साली त्याच धर्तीवर सबंध देशाकरिता कायदा झाला. भुकेल्याने दया मागावयाची नसून काम मागावयाचे, हा यातला फरक लहान नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातुरास पाण्याची आगगाडी गेली. राजस्थानातील कोट्याहून आलेल्या टाक्या वाफेने धुतल्या होत्या. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत सुमारे पाच लक्ष लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली. ती आपल्याच स्थानकावरून जात असे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग काही वर्षांपूर्वी रुंद झाला नसता, तर त्या वाघिणी येथून जाऊच शकल्या नसत्या. कौतुक झाले ते गाडीचे. रुळांची आठवण कोणास झाली नाही.

आपल्या तालुक्यास आज म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी मिळते. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून ते इकडे आणतात, व पंप चालू असले म्हणजे पुष्कळ गावांची चिंता मिटते. ते विजेवर चालतात आणि विजेचे देयक येते, हे विसरून चालत नाही. जेथे पाणी पोहोचत नाही तेथे टँकर. परंतु टँकरही आपोआप येत नाही. ग्रामपंचायतीने ठराव करावा लागतो, तहसीलदार व गटविकास अधिकारी पाहणी करतात, जवळची विहीर ताब्यात घेता येईल काय ते पाहतात, मग मंजुरी. माणशी दररोज वीस लिटर हे माप. एवढ्यात पिणे, स्वयंपाक, धुणे सर्व आले. ठराव आठ दिवस उशिरा झाला तर टँकरही तितकाच मागे पडतो, म्हणून ठरावाची वेळ कळणे अगत्याचे.

ती कळावी कशी? आयर्विन पुलापाशी फूट मोजतात तसे गावच्या पिण्याच्या विहिरीवर का मोजू नयेत? हातहातभर अंतरावर गाठी मारलेला दोर व टोकाला दगड, एवढे साहित्य पुरे. दर पौर्णिमेस आठवी-नववीतील दोन मुलांनी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि चावडीच्या भिंतीवर तारखेसह खडूने लिहावे. वहीतही उतरून ठेवावे, कारण खडू पुसला जातो. तीन-चार वर्षांच्या नोंदी साठल्या की कोणत्या महिन्यात किती खोलीवर पाणी गेले म्हणजे फाल्गुनात विहीर आटते, हे गावास कळू लागेल, आणि ठराव लिहिताना सरपंचांस ती वही सोबत जोडता येईल.