नुनाव्हुतमधील एका घराची किंमत

प्रदेश

कॅनडाच्या उत्तर टोकाचा नुनाव्हुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वायव्य प्रदेशांपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३७ हजारांच्याही आत. दर दहा रहिवाशांपैकी आठांहून अधिक इनुइट, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आहेत. सगळी वस्ती २५ गावांत विखुरलेली असून एकाही गावातून दुसऱ्या गावाला किंवा दक्षिण कॅनडाला जोडणारा रस्ता नाही. निम्म्याहून अधिक लोक सरकारी नुनाव्हुत गृहनिर्माण महामंडळाच्या भाड्याच्या घरांत राहतात. २०२२ च्या सुमारास इथल्या काही निविदांमध्ये एका गाळ्याचा दर १० लाख कॅनडियन डॉलरच्या, म्हणजे साधारण सहा कोटी रुपयांच्या घरात गेला. हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. मात्र घराच्या खऱ्या खर्चाचा तो एक भागच आहे, आणि कदाचित मोठा भागही नाही.

सरकार घरमालक कसे झाले

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इनुइट कुटुंबे शिकारीच्या ऋतुचक्राप्रमाणे हिंडत असत. निवारा हिमघराचा, चामड्याच्या तंबूचा किंवा दगड-मातीच्या घराचा असे आणि तो उभारण्याचे ज्ञान कुटुंबातच असे. १९५० आणि १९६० च्या दशकांत शाळा, दवाखाने व प्रशासन यांच्या सोयीसाठी केंद्र सरकारने त्यांना कायम वस्त्यांत आणले. स्वस्त भाड्याच्या घरांचे आश्वासनही दिले. पहिली घरे लहान होती, थंडीला पुरेशी नव्हती आणि संख्येनेही कमी पडली. सरकारी अनुदानाचा विचार करताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो. लोक आधी गरीब होते व मग सरकार मदतीला धावले, असे घडलेले नाही. घराची गरज ज्या स्वरूपात आज दिसते, ते स्वरूप धोरणाने घडवले.

समुद्रमार्ग

नुनाव्हुत जवळजवळ पूर्णपणे वृक्षरेषेच्या उत्तरेला आहे, त्यामुळे बांधकामाचे लाकूड तिथे मिळत नाही. फळ्या, खिडक्या, उष्णतारोधक थर, तारा, नळ, खिळे सर्व काही दक्षिणेकडून येते. समुद्र साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच काळ मोकळा असतो. मॉन्ट्रिऑलच्या आसपासच्या बंदरांतून मालवाहू जहाजे निघतात आणि बहुतेक गावांत धक्का नसल्याने माल तराफ्यांवर उतरवून किनाऱ्यावर आणावा लागतो. या एका वस्तुस्थितीतून खर्चाची साखळी सुरू होते. उन्हाळ्यात पोहोचणाऱ्या मालाची मागणी त्याआधीच्या हिवाळ्यात नोंदवावी लागते, म्हणजे आराखडा व निधी त्याहून आधी मंजूर हवा. एखादी पेटी राहून गेली, तर ती विमानाने मागवावी लागते किंवा काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबते. कुशल कारागीरही बहुधा विमानाने येतात. त्यांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च, आणि ते राहणार असलेल्या घरांचीच टंचाई. कंत्राटदार हा सगळा धोका आपल्या दरात आधीच मिळवून ठेवतो. अर्थसंकल्प दोन-तीन महिने लांबला तर दक्षिणेत काम दोन-तीन महिने लांबते. इथे वर्ष जाते.

गोठलेली जमीन

घर थेट जमिनीवर बांधता येत नाही. खालची माती वर्षानुवर्षे गोठलेली असते आणि घराची ऊब तिच्यात उतरली की ती वितळून खचते. म्हणून खोल भोके पाडून त्यांत पोलादी खांब रोवतात आणि त्यांवर घर अधांतरी ठेवतात, खालून थंड वारा वाहता राहावा यासाठी. दुसरा मार्ग म्हणजे खडीच्या भरावावर उंची कमी-जास्त करता येणारे जॅक बसवणे. हे स्वस्त पडते, पण वेळोवेळी पातळी तपासावी लागते. तापमानवाढीमुळे गोठलेला थर अस्थिर होऊ लागल्याने दोन्ही पद्धतींत पायाचा खर्च वाढतो आहे.

चालू खर्च

गावागावांत डिझेलवर चालणारे स्वतंत्र वीजकेंद्र आहे, कारण त्यांना जोडणारी वीजवाहिनी नाही. वर्षभराचे इंधन उन्हाळ्यातच जहाजाने येऊन टाक्यांत साठते. बहुतेक गावांत पाणी टँकरने घराच्या टाकीत येते आणि सांडपाणी दुसऱ्या टाकीतून दुसऱ्या टँकरने जाते. राजधानी इकालुइतच्या काही भागांत आणि अशा मोजक्याच ठिकाणी उष्णतारोधक नळयोजना आहे. वीज, पाणी, तापवण्याचे तेल व दुरुस्ती मिळून एका सार्वजनिक घरावर महामंडळाचा वर्षाला २५ हजार डॉलरहून अधिक खर्च होतो. साधा गुणाकार केला तरी ४० वर्षांत ही रक्कम १० लाखांवर जाते. म्हणजे घर एकदा बांधायचे आणि आयुष्यभरात त्याच किमतीला पुन्हा एकदा विकत घ्यायचे. भांडवली खर्चाची फीत कापता येते, देखभालीची येत नाही; त्यामुळे सार्वजनिक चर्चेत पहिलाच आकडा टिकतो.

यातूनच रचनेचा निर्णय बदलतो. भिंती अधिक जाड केल्या तर बांधकाम महागते, पण तेल वाचते. पाच-दहा गाळ्यांची एक इमारत केली तर बाहेरच्या भिंती, छप्पर व खांब वाटले जातात आणि दर गाळ्यामागचा खर्च घटतो. मात्र दर गाळ्यामागचा खर्च हे फसवे माप ठरू शकते. एका खोलीचे गाळे बांधले की सरासरी झटकन खाली येते, पण सहा-सात जणांच्या कुटुंबाची गर्दी तिथल्या तिथेच राहते. दर व्यक्तीमागे हिशेब केला तर क्रम उलटा लागू शकतो.

भाडे

भाडे उत्पन्नाशी जोडलेले आहे आणि किमान भाडे महिना ६० डॉलर. त्यातून खर्चाचा अगदी किरकोळ हिस्सा भरून निघतो. शिवाय उत्पन्न वाढले की भाडेही वाढते, त्यामुळे हंगामी काम घ्यावे की नाही, असा विचार भाडेकरूला करावा लागतो. सवलत कमी करून तूट भरून काढण्याची कल्पना याच ठिकाणी अडते: भाडे वाढवले तर रोजगाराची ओढ घटते, न वाढवले तर तिजोरीवरचा भार तसाच राहतो.

खासगी बाजार

गावांच्या हद्दीतील जमीन विकायची की नाही, यावर १९९५ आणि २०१६ मध्ये सार्वमत झाले. दोन्ही वेळा सर्व गावांनी नकार दिला. जमीन भाडेपट्ट्याने मिळते आणि त्यावर कर्ज काढणे शक्य आहे. खरी अडचण वेगळी आहे. लहान गावात घर बांधण्याचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीहून जास्त असतो, तेव्हा विकसकाला तिथे येण्याचे कारण उरत नाही.

न बांधण्याचा खर्च

२०२१ च्या जनगणनेत कॅनडाच्या इनुइट प्रदेशांतील निम्म्याहून अधिक इनुइट दाटीच्या घरांत राहत असल्याचे दिसले. दाटी आणि अपुरे वायुवीजन यांमुळे क्षयरोग पसरायला वाव मिळतो. या प्रदेशांतील इनुइटांमध्ये क्षयाचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासींच्या तुलनेत जवळजवळ ३०० पट नोंदले गेले आहे. २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे आश्वासन केंद्र सरकारने २०१८ मध्ये दिले. तान्ह्या मुलांमधील श्वसनाचे संसर्गही इथे फार जास्त आहेत. गंभीर रुग्णाला गावातून विमानाने हलवावे लागते. बॅफिन भागातून ओटावाला, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरून विनिपेगला. या उड्डाणांचे बिल आरोग्य खात्यात पडते, घराचे गृहनिर्माण खात्यात. दोन वह्या वेगळ्या असल्याने एकीतील बचत दुसरीत दिसत नाही.

तरीही हा युक्तिवाद जपून वापरायला हवा. क्षयामागे धूम्रपान, पोषण आणि निदानातील उशीर अशीही कारणे आहेत, त्यामुळे एका नव्या घराने किती उड्डाणे वाचतात हे नेमके सांगता येत नाही. नुनाव्हुतमधील एका वैद्यकीय चाचणीत घरांना उष्णता न गमावता हवा बदलणारी यंत्रे बसवल्यावर मुलांच्या श्वसनाच्या तक्रारी घटल्या. याचा अर्थ आरोग्याचा काही लाभ नव्या घराविना, जुन्याच घराच्या दुरुस्तीतून मिळू शकतो. अशा यंत्राचा खर्च घराच्या मानाने नगण्य असतो. मात्र गाळण्या बदलणारा माणूस गावात हवा.

निधी

केंद्र सरकारने १९९३ मध्ये नव्या सामाजिक गृहनिर्माणासाठीचा निधी थांबवला. जुन्या घरांच्या चालू खर्चासाठी मिळणारा केंद्राचा वाटाही करारानुसार दरवर्षी घटत असून २०३७-३८ मध्ये तो शून्य होईल. २०१७ च्या अर्थसंकल्पात नुनाव्हुतसाठी ११ वर्षांत २४ कोटी डॉलर जाहीर झाले. घर १० लाखांना धरले, तर ही रक्कम केवळ २४० घरांची होते.

प्रदेश सरकारने २०२२ मध्ये ‘नुनाव्हुत ३०००’ ही योजना जाहीर केली. २०३० पर्यंत ३,००० घरे बांधायची, त्यांतील १,४०० सार्वजनिक, बाकीची संक्रमणकालीन, परवडणारी व बाजारभावाची. इनुइट मालकीच्या एका बांधकाम कंपनीशी दीर्घ भागीदारी करून मोठी मागणी एकदम नोंदवावी, कारागिरांना सलग काम द्यावे आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण मिळावे, अशी तिची मांडणी आहे. तुटक निविदांपेक्षा ती तर्काला धरून आहे, कारण धोक्यापोटी दरात मिळवलेली रक्कम अशानेच कमी होऊ शकते. मात्र १,४०० सार्वजनिक घरे पूर्ण झाली, की वर्षाला किमान २५ हजारांच्या हिशेबाने साडेतीन कोटी डॉलरचा नवा चालू खर्च सुरू होईल, आणि तो सुरू होऊन फार वर्षे लोटण्याआधीच केंद्राचा वाटा संपलेला असेल.